कुस्तीतला खलनायक साहेब



आपल्या अनेक घरांत रिमोटवरून वाद होतात. आजीला मालिका हवी असते, आजोबांना बातम्या आणि नातवंडांना डब्ल्यूडब्ल्यूई. ८ सप्टेंबर २०२३ रोजी या कंपनीचा कार्यक्रम आपल्या हैदराबादेत गच्चीबावलीच्या इनडोअर स्टेडियममध्ये झाला आणि जॉन सीना प्रत्यक्ष येऊन गेला. तेव्हापासून मुलांचे हे वेड आणखी वाढले आहे. त्यावर आपण वडीलधारी मंडळी एकच वाक्य बोलून मोकळे होतो, "अरे, ते सगळे खोटे असते!"

वाक्य बरोबर आहे, पण तेवढ्याने विषय संपत नाही. नाटकही खोटेच असते. तरीही नाटक पाहून आल्यावर आपण खलनायकाचे वागणे पटले की नाही, शेवट ओढूनताणून आणला का, याची चर्चा करतो. मुले जर आठवड्याला दोन-तीन तास ही कुस्ती पाहत असतील, तर तिच्या कथेचीही तशी तपासणी व्हायला हवी. या लेखात त्यातल्या एकाच पात्राचा विचार केला आहे. ते पात्र म्हणजे दुष्ट साहेब. मालक, अध्यक्ष, जनरल मॅनेजर अशा वेगवेगळ्या नावांनी तो येतो, सूट घालून रिंगमध्ये उभा राहतो आणि नायकावर अन्याय करतो.

नूरा कुस्ती आणि हे नाटक

आपल्याकडे ठरवून केलेल्या लढतीला "नूरा कुस्ती" म्हणतात. त्यात दोन पैलवान आतून संगनमत करतात आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक फसतो. अमेरिकेतही ही व्यावसायिक कुस्ती अनेक दशके खरी म्हणूनच दाखवली जात असे. आतले गुपित बाहेर फोडायचे नाही, या रिवाजाला तिथे "केफेब" म्हणतात. खलनायक आणि नायक यांनी बाहेर एकत्र दिसायचे नाही, इथपर्यंत तो पाळला जाई.

पुढे १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे कंपनीने स्वतःच सांगितले की हा खेळ नसून करमणूक आहे. कारण व्यवहारी होते. खेळ म्हटला की सरकारी नियंत्रण आणि कर यांचा जाच मागे लागतो. म्हणजे आजचा प्रेक्षक फसवला जात नाही, निकाल ठरलेला असतो हे त्याला ठाऊक असते. त्याला हवी असते ती पटणारी कथा. ती नीट रचलेली नसेल तर मात्र तो फसवला गेला असे म्हणायला हरकत नाही.

साहेबाच्या आधीचा काळ

१९८० च्या दशकात डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये (तेव्हा कंपनीचे नाव असेच होते, ते २००२ मध्ये बदलले) जॅक टनी नावाचे गृहस्थ पडद्यावर "अध्यक्ष" म्हणून दाखवले जात. खरी सत्ता विन्स मॅकमहोन यांच्याकडे होती, पण ते पडद्यावर समालोचक म्हणून बसत. टनी क्वचितच दिसत. वाद झाला की येऊन निर्णय द्यायचा आणि निघून जायचे. पंचांच्या वर एक नि:पक्षपाती माणूस आहे, एवढेच प्रेक्षकांना कळावे, हा त्यांचा उपयोग.

त्या काळातली एक कथा पाहण्यासारखी आहे. टेड डिबियासी या "मिलियन डॉलर मॅन"ला विजेतेपदाचा पट्टा हवा होता आणि जगातली प्रत्येक वस्तू विकत मिळते अशी त्याची समजूत होती. ५ फेब्रुवारी १९८८ च्या लढतीत महाकाय आंद्रेने हल्क होगनला हरवले, कारण पंचाने होगनचा खांदा वर असतानाही तीन आकडे मोजले. नंतर त्याच्यासारखाच दिसणारा खरा पंच आला आणि लबाडी उघड झाली. आंद्रेने पट्टा तिथल्या तिथे डिबियासीला देऊन टाकला. त्यावर अध्यक्ष टनींनी निर्णय दिला की विजेतेपद हस्तांतरित करता येत नाही, म्हणून ते रिकामे ठरते. त्यासाठी मार्चमधल्या चौथ्या रेसलमेनियात स्पर्धा झाली आणि रँडी सॅव्हेज जिंकला.

कथा भडक आहे, पण तिच्यात एक शिस्त आहे. श्रीमंताने पंच विकत घेतला, पण पदाचा नियम त्याला विकत घेता आला नाही. लबाडीला नियमातून उत्तर मिळाले आणि त्या उत्तरातूनच पुढची कथा निघाली.

माँट्रियलची रात्र

दुष्ट साहेबाचे पात्र जन्माला आले ते मात्र एका खऱ्या घटनेतून. ब्रेट हार्ट हा कॅनडाचा लाडका मल्ल कंपनीचा विजेता होता. १९९६ मध्ये त्याच्याशी वीस वर्षांचा करार झाला होता. पुढच्याच वर्षी मॅकमहोन यांनी सांगितले की हा करार आपल्याला परवडत नाही. तेव्हा हार्टने प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यू कंपनीत जाण्याचे ठरवले. प्रश्न पट्ट्याचा होता. १९९५ च्या डिसेंबरात कंपनीची महिला विजेती डब्ल्यूसीडब्ल्यूत गेली होती आणि तिने डब्ल्यूडब्ल्यूएफचा पट्टा तिथल्या कार्यक्रमात कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. तसे पुन्हा होऊ नये, ही मॅकमहोन यांची धास्ती होती. हार्टला मात्र आपल्या देशात शॉन मायकल्सकडून हरायचे नव्हते.

९ नोव्हेंबर १९९७ रोजी माँट्रियलमध्ये लढत झाली. तिचा निर्णय कुणाच्या पराभवाने लागणार नाही, असे हार्टला सांगितले होते. लढत चालू असताना मायकल्सने हार्टला पायांच्या पकडीत धरले. हार्टने हार मानली नव्हती. तरीही रिंगशेजारी उभ्या असलेल्या मॅकमहोन यांनी घंटा वाजवायला लावली आणि हार्ट हरल्याचे जाहीर झाले. हार्ट त्यांच्या तोंडावर थुंकला. जे ठरले होते ते मालकाने मोडले, आणि ही फसवणूक कथेतली नसून खरी होती.

चिडलेल्या प्रेक्षकांपुढे मॅकमहोन यांनी माफी मागितली नाही. दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत त्यांनी सारा दोष हार्टवरच टाकला. लोक त्यांचा खराखुरा तिरस्कार करू लागले. धंदेवाईक माणसाने तो तिरस्कारही वाया जाऊ दिला नाही. समालोचकाची खुर्ची सोडून ते "मिस्टर मॅकमहोन" नावाचा दुष्ट मालक म्हणून कथेत उतरले.

साहेबाला विचारायचे तीन प्रश्न

आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला एक सवय लागली आहे. कोणताही निर्णय समोर आला की तो घेणाऱ्याचे अधिकार कुठपर्यंत आहेत, हे मी आधी पाहतो. बँकेत शाखाधिकाऱ्याला किती रकमेपर्यंत कर्ज मंजूर करता येते, त्यावर प्रकरण कुणाकडे जाते, हे सगळे लिहिलेले असते. त्या मर्यादेमुळेच निर्णयाला अर्थ येतो. कुस्तीतल्या साहेबाची कथा तपासतानाही मला तीन प्रश्न उपयोगी वाटतात. साहेबाला नेमके काय हवे आहे? ते तो सरळ हुकूम काढून का मिळवत नाही? आणि तो हरला तर त्याचे काय जाते?

मॅकमहोन आणि स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन यांच्या कथेला हे प्रश्न लावून पाहा. ऑगस्ट १९९७ मध्ये ऑस्टिनच्या मानेला खरोखर गंभीर दुखापत झाली होती. सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मॅकमहोन यांनी त्याला समजावले की डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत लढायचे नाही. ऑस्टिनने तिथेच त्यांना आडवे केले. साहेबाचे म्हणणे वाजवी होते, म्हणूनच प्रसंगात जान होती.

२९ मार्च १९९८ रोजी ऑस्टिन विजेता झाला. पहिला प्रश्न: मालकाला काय हवे? कंपनीचा चेहरा म्हणून सूट घालून मिरवणारा, सांगितलेले ऐकणारा विजेता. दुसरा प्रश्न: मग ऑस्टिनला काढून का टाकत नाही? कारण सभागृह त्याच्या नावावर भरते आणि त्याचेच टी-शर्ट सर्वाधिक खपतात. ज्याच्यामुळे गल्ला भरतो तोच माणूस डोळ्यांत खुपतो, ही अडचण कोणत्याही दुकानदाराला कळेल. तिसरा प्रश्न: हरल्यावर काय जाते? मालकाची इज्जत, तीही हजारो लोकांसमोर.

३१ मे १९९८ ची लढत याचा उत्तम नमुना आहे. ऑस्टिनविरुद्ध मालकाच्या मर्जीतला ड्यूड लव्ह. पंच खुद्द मॅकमहोन, वेळ पाहणारा त्यांचा माणूस, निवेदकही त्यांचाच. वर अट अशी की लढतीचा निकाल फक्त त्यांच्याच हाताने लागेल. शेवटी मारामारीत मॅकमहोन बेशुद्ध पडले. ऑस्टिनने प्रतिस्पर्ध्याला चितपट केले, बेशुद्ध मालकाचा हात धरला आणि त्याच हाताने तीनदा जमिनीवर आपटून आकडे मोजले. अट अक्षरशः पाळली गेली. साहेबाने आपल्या फायद्यासाठी लिहिलेला नियम साहेबावरच उलटला. हे बघताना प्रेक्षकाला जो आनंद होतो तो मारामारीचा नसतो, हिशोब चोख जुळल्याचा असतो.

याच कथेच्या जोरावर १३ एप्रिल १९९८ रोजी डब्ल्यूडब्ल्यूएफने प्रेक्षकसंख्येत डब्ल्यूसीडब्ल्यूला जवळपास दोन वर्षांनी मागे टाकले. २००१ मध्ये मॅकमहोन यांनी ती प्रतिस्पर्धी कंपनीच विकत घेतली.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर "सामना" चित्रपट आठवा. निळू फुले यांचा हिंदुराव हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. त्याच्या सत्तेला आव्हान देणारा मास्तर दुबळा आणि दारूडा, पण त्याच्याजवळ एक प्रश्न आहे आणि त्या प्रश्नापुढे हिंदुरावाची सत्ता पुरी पडत नाही. म्हणून तो खलनायक आपल्या लक्षात राहतो.

गणित कुठे चुकते

ऑस्टिनची कथा इतकी चालली की कंपनीला तिची सवय जडली. पुढच्या काळात जवळपास दर वर्षी कुणी ना कुणी दुष्ट अधिकारी पडद्यावर असायचाच. २००२ मध्ये कार्यक्रमांचे दोन वेगळे गट झाले आणि प्रत्येकाला जनरल मॅनेजर आला. त्यातली काही पात्रे चांगली वठली. व्हिकी गरेरो २००७ मध्ये स्मॅकडाउनची प्रमुख झाली. एज या मल्लावरच्या प्रेमापोटी ती पक्षपात करायची. काय हवे आहे ते स्पष्ट होते, म्हणून तिने नुसते तोंड उघडले तरी सभागृह ओरडून उठे.

पण पुष्कळदा तिन्ही प्रश्नांची उत्तरे गायब झाली. २०१० च्या जूनमध्ये रॉ या कार्यक्रमावर एक निनावी जनरल मॅनेजर आला. रिंगशेजारी टेबलावर लॅपटॉप ठेवलेला. ईमेल आला की आवाज व्हायचा आणि समालोचक मायकल कोल उठून हुकूम वाचून दाखवायचा. हा कोण, त्याला काय हवे, तो कुणाला जबाबदार, काहीच कळत नसे. वर्षभराने लॅपटॉप निघून गेला. थेट जुलै २०१२ मध्ये उघड झाले की तो साहेब म्हणजे हॉर्नस्वॉगल हा बुटका विदूषक मल्ल. आधीच्या एकाही हुकुमाचा त्याच्याशी अर्थपूर्ण संबंध लावता येत नव्हता. सहीविना निघालेले आदेश वर्षभर चालवायचे आणि शेवटी भलत्याच माणसाची सही दाखवायची, असा हा प्रकार झाला.

दुसरे उदाहरण नोव्हेंबर २०१४ चे. मॅकमहोन यांचे जावई ट्रिपल एच आणि कन्या स्टेफनी यांच्या "ऑथॉरिटी" या गटाची सत्ता पणाला लागली. त्यांचा संघ हरला तर ते सत्तेबाहेर, आणि त्यांना परत आणण्याचा अधिकार फक्त जॉन सीनाला. संघ हरला. सत्ता गेली. प्रेक्षकांनी जल्लोष केला. पाचेक आठवड्यांनी, २९ डिसेंबरला, सेथ रॉलिन्सने एजची मान मोडण्याची धमकी दिली आणि सीनाने दोघांना परत बोलावले. धमकीखाली दिलेली संमती ग्राह्य कशी, हा साधा प्रश्न कथेत कुणीच विचारला नाही. डिबियासीच्या कथेत लबाडीला उत्तर देणारा नियम होता. इथे नियम विसरला गेला. इतक्या मोठ्या विजयाची किंमत जेमतेम पाच आठवडे ठरली, तर पुढच्या वेळी प्रेक्षकाने आशा कशाला लावावी?

प्रेक्षक जेव्हा साहेबाला हरवतात

ऑथॉरिटीचीच आधीची कथा मात्र वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहे. १८ ऑगस्ट २०१३ रोजी डॅनियल ब्रायन या लहानखुऱ्या, दाढीवाल्या मल्लाने जॉन सीनाला हरवले. पंच म्हणून उभ्या असलेल्या ट्रिपल एचने लगेच त्यालाच पाडले आणि रँडी ऑर्टनला आयते विजेतेपद मिळाले. ब्रायन हा "बी प्लस" दर्जाचा, कंपनीचा चेहरा होण्यालायक नाही, असे साहेबांचे म्हणणे. नोकरीत "काम चांगले आहे, पण व्यक्तिमत्त्व कमी पडते" असा शेरा ज्यांनी आपल्या गोपनीय अहवालात वाचला आहे, त्यांना ब्रायन लगेच आपला वाटेल.

गंमत अशी की कंपनीची खरी योजनाही त्याहून फार वेगळी दिसत नव्हती. २६ जानेवारी २०१४ च्या रॉयल रंबलमध्ये ब्रायनला घेतलेच नाही. शेवटच्या क्रमांकावर रे मिस्टेरियो आला तेव्हा एरवीच्या लाडक्या मल्लालाही लोकांनी हुर्यो केली, कारण तो ब्रायन नव्हता. विजेता बटिस्टालाही तेच ऐकावे लागले. लोक आता पडद्यावरच्या साहेबावर रागावले नव्हते, पडद्यामागच्या साहेबावर रागावले होते. कंपनीला कथा बदलावी लागली. ६ एप्रिल २०१४ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रायनने एकाच रात्री आधी ट्रिपल एचला आणि मग ऑर्टन व बटिस्टा यांना हरवले. तिकीट काढणाऱ्या माणसाने निकाल फिरवला, असे खऱ्या खेळात होऊ शकत नाही. नाटकात होऊ शकते.

पडद्यामागचा ताळेबंद

आता खरी गोम. ऑस्टिनचा साहेबविरोधी टी-शर्ट कोण विकत होते? साहेबच. साहेबाविरुद्धच्या बंडाचा सगळा नफा साहेबाच्याच खात्यात जमा होत होता. आणि ज्या मल्लांच्या जिवावर हे चालते त्यांना कंपनी कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानते. त्यांची संघटना नाही. पडद्यावर साहेबाला आडवे करता येते, पण पडद्यामागे सामूहिक वाटाघाटी करायला कुणी नाही.

याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण २३ मे १९९९ चे. कॅन्सस सिटीत ओवेन हार्टला, म्हणजे ब्रेटच्या धाकट्या भावाला, छतावरून रिंगमध्ये उतरवले जात असताना तो खाली कोसळला आणि मरण पावला. कार्यक्रम थांबवला गेला नाही. टीव्हीवरच्या प्रेक्षकांना त्याच्या मृत्यूची बातमी सांगितली गेली, सभागृहात बसलेल्यांना सांगितली गेली नाही. त्या रात्री शेवटची लढतही ठरल्याप्रमाणे झाली. ओवेनच्या कुटुंबाने दावा लावला आणि २००० मध्ये १ कोटी ८० लाख डॉलर्सवर तडजोड झाली. कथेतल्या साहेबाने कितीही दुष्टपणा केला तरी त्या निर्णयाची सर त्याला येणार नाही.

पुढे जानेवारी २०२४ मध्ये एका माजी महिला कर्मचाऱ्याने गंभीर आरोपांचा दावा दाखल केल्यावर मॅकमहोन यांनी कंपनीतले पद सोडले. आरोप त्यांनी नाकारले आहेत आणि त्याचा निवाडा न्यायालयाचे काम आहे. पण वर्षानुवर्षे "ते फक्त पात्र आहे" असे ज्याच्याबद्दल म्हटले गेले, त्या पात्राकडे लोक आता वेगळ्या नजरेने पाहतात, हे खरे.

नातवंडांबरोबर बघताना

हा कार्यक्रम मुलांनी पाहू नये असे सांगून उपयोग नाही. त्यातल्या मारामारीची नक्कल घरात करायची नाही, हे मात्र ठणकावून सांगावे. ते मल्ल वर्षानुवर्षे पडण्याचे शिक्षण घेतात आणि तरीही त्यांच्या माना मोडतात.

त्यापलीकडे, एखाद्या दिवशी शेजारी बसून पाहावे आणि वरचे तीन प्रश्न मुलांना विचारावेत. या साहेबाला काय हवे आहे? तो एवढा मोठा आहे तर या माणसाला सरळ काढून का टाकत नाही? आणि आज हरला तर उद्या त्याचे काय बिघडणार आहे? मुले पटापट उत्तरे देतात. उत्तर सापडले नाही की "आजोबा, ही स्टोरी बकवास आहे" असेही तीच सांगतात. पुढे नोकरीत, सोसायटीत, मंडळात खुर्चीवर बसलेल्या माणसाचा हुकूम समोर येईल, तेव्हा तो कुठल्या अधिकाराने काढला आणि त्यावर दाद कुठे मागायची, हे विचारण्याची सवय त्यांना उपयोगी पडेल.

आपल्या घरी या विषयावर काय चर्चा होते, आपल्या नातवंडांचा आवडता किंवा नावडता साहेब कोण, हे मंडळाकडे जरूर लिहून कळवा.